विचारा की! : भाचीचा गाईड, 26 आणि 17

या महिन्यात टपालाने आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न आले त्यातले चार एकाच विषयाचे निघाले, म्हणजे वैद्यकीय संशोधन करणाऱ्यांचे पेपर (छापून आलेले संशोधन लेख), सायटेशन आणि त्यांचे ते आकडे. मी एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत 31 वर्षं काढली, हाच माझा रोजचा धंदा होता, म्हणून या वेळी सगळं पान यालाच दिलंय.

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही वडगावचे, घरात पूर्वी माग होते, एवढं शिकणारी भाची पहिलीच. बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झाली, आता पीएचडी करायची म्हणते. दोन ठिकाणी गाईड मिळण्यासारखे आहेत. एका सरांचे 214 पेपर आणि एच-इंडेक्स 26, दुसऱ्या मॅडमचे 38 पेपर आणि एच-इंडेक्स 17. पोरगी म्हणते मॅडमकडं जाते, तिचे बाबा म्हणतात 26 कुठं आणि 17 कुठं. रोज जेवताना हाच वाद. हे एच-इंडेक्स म्हणजे काय आणि आम्ही कुणाचं ऐकावं?
— भाचीचा मामा, वडगाव

उत्तर : मामा, पोरीचं ऐका, पण ती कशाच्या जोरावर म्हणते ते आधी तिच्याकडून नीट समजून घ्या, कारण मला वाटतंय तिनं आकड्याच्या मागं जाऊन काहीतरी बघितलंय.

तुम्ही मागावरची माणसं म्हणून तसंच सांगतो. आयुष्यात किती लुगडी विणून काढली तो झाला पेपरांचा आकडा. तुमच्या काठाची नक्षी बघून दुसऱ्या विणकरांनी ती आपल्या मागावर घेतली, आणि घेताना "ही वडगावच्या अमक्याची नक्षी" असं नाव सांगून घेतली, की ते झालं सायटेशन. म्हणजे एखाद्याने आपल्या पेपरात तुमच्या पेपराचा आधार घेतला आणि शेवटच्या यादीत तुमचं नाव लिहिलं की तुमच्या खात्यात एक जमा. नुसत्या लुगड्यांच्या संख्येवरनं विणकर कसा ते कळत नाही, तसं 214 वरनं सर कसे ते कळत नाही.

आता एच-इंडेक्स. अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठात खोर्खे हर्श म्हणून भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत, त्यांनी 2005 मध्ये ही मोजणी सुचवली. समजा एखादीचे सात पेपर आहेत आणि त्यांना सायटेशन मिळाली 120, 40, 9, 6, 5, 2 आणि 0. मोठ्याकडनं छोट्याकडं मोजत जायचं. पाचव्या पेपराला 5 आहेत, ठीक, सहाव्याला सहा पाहिजे होती पण 2 च आहेत, तिथं थांबायचं, एच-इंडेक्स 5. दुसऱ्या कुणाचे सहाच पेपर आणि प्रत्येकाला बरोबर 6 सायटेशन, त्याचा एच-इंडेक्स 6. आता बघा की, पहिलीची एकूण सायटेशन 182 आणि दुसऱ्याची 36, तरी आकड्यात दुसरा पुढं! पहिलीच्या त्या 120 वाल्या पेपरात जे काही होतं ते या आकड्याला दिसतच नाही. आणि हा आकडा कधी खाली येत नाही, माणूस रिटायर होऊन घरी बसला तरी वाढत राहतो, म्हणून समजा सरांनी तीस वर्षं काम केलंय आणि मॅडमनी बारा, तर 26 आणि 17 शेजारी ठेवून लहान-मोठं ठरवणं चुकीचंच. दोघांना किती वर्षं झाली ते तुम्ही लिहिलं नाहीत, ते आधी बघा.

मग हा 26 बघितला कुठं तेही विचारा. असे आकडे दाखवणाऱ्या साईट वेगवेगळ्या आहेत. गुगल स्कॉलर 2004 ला आलं, ते थिसिस, प्रीप्रिंट (जाणकारांनी तपासायच्या आधीच टाकलेला पेपर), पुस्तकातला धडा सगळं मोजतं, त्यामुळं तिथं आकडा नेहमी फुगलेला असतो. स्कोपसवर त्याच माणसाचा कमी दिसतो, वेब ऑफ सायन्सवर बहुतेक वेळा अजून कमी. एकाचा गुगलवरचा आणि दुसरीचा स्कोपसवरचा घेऊन घरात भांडण चाललं असेल तर ते भांडणच खोटं आहे. आणि विषय सारखा पाहिजे. कॅन्सरवर काम करणारे जगात लाखो, ते एकमेकांचे पेपर धडाधड वापरतात. सह्याद्रीतल्या एखाद्या औषधी झाडाच्या सालीवर काम करणारी माणसं मोजकी, तिथं चाळीस सायटेशनसुद्धा लई मोठी गोष्ट असते.

मी नोकरीला लागलो तेव्हा हे सगळं कागदावर होतं. इंडेक्स मेडिकस म्हणजे वैद्यकीय पेपरांची सूची, तिचे जाडजूड खंड, दर महिन्याला नवा, एकेक उचलताना दोन हात लागायचे, आणि अक्षर इतकं बारीक की पावसाळ्यात दुपारी तीनलाच दिवे लावावे लागायचे. 1879 मध्ये सुरू झालेला तो इंडेक्स, 2004 ला छपाई बंद झाली, तोवर इंटरनेटवर वैद्यकीय पेपर शोधायचं पबमेड आलंच होतं आणि तेही फुकट. सायटेशन मोजायची कल्पना युजीन गारफिल्ड यांची, 1955 मध्ये त्यांनी ती मांडली आणि 1964 ला सायन्स सायटेशन इंडेक्स काढला. त्यामागची गरज फार साधी होती. एखादा जुना पेपर हातात आला तर पुढं त्याचं काय झालं, कुणी तो खरा ठरवला, कुणी खोडून काढला, हे शोधायचं कसं? त्याच्यासाठी तो धागा. माणसाला मार्क द्यायला तो केलेलाच नव्हता, आणि मला याचंच वाईट वाटतं की आता बढतीच्या फॉर्मवर एक रकाना एवढाच त्याचा उपयोग राहिलाय.

कारण सायटेशन म्हणजे शाबासकी असं नाही. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा 1998 चा लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला पेपर, लहान मुलांची एमएमआर लस (गोवर, गालगुंड, रुबेलाची) आणि ऑटिझम यांचा संबंध असल्याची भीती ज्याने जगभर पसरली, तो 2010 मध्ये मागं घेतला, पण त्याला सायटेशन हजारांनी आहेत आणि त्यातली बरीच हे चुकीचं आहे असं सांगणारी. यंत्र दोन्ही सारखीच मोजतं. उलट बाजूला जगात सगळ्यात जास्त सायटेशन मिळालेला पेपर बघा, ओलिव्हर लाउरी आणि मंडळींचा 1951 चा, तीन लाखांवर गेलाय. त्यात कुठला मोठा शोध नाही, द्रावणात प्रोटीन किती आहे ते मोजायची पद्धत आहे. तुमच्या भाचीने ती प्रॅक्टिकलला नक्की केली असणार, निळा रंग येतो ती, विचारा तिला.

आणि डॉ. शंभुनाथ डे यांचं सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. कलकत्त्यातले डॉक्टर. कॉलऱ्याचा जंतू आतड्यात विष सोडतो हा अंदाज रॉबर्ट कॉखपासूनचा, पण दाखवता कुणाला येत नव्हतं. डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडनं दोऱ्याने बांधला आणि त्यात जंतू गाळून काढलेलं नुसतं पाणी सोडलं. तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. म्हणजे जंतू नाही तरी जुलाब, म्हणजे विषच. 1959 मध्ये नेचर या जर्नलमध्ये छापून आलं, अगदी छोटा पेपर. बरीच वर्षं त्याच्याकडं कुणाचं फारसं लक्षच नव्हतं. कॉलऱ्याचं सगळं पुढचं संशोधन त्याच्यावर उभं राहिलं, 1978 मध्ये नोबेल सिंपोझियम या परिषदेला त्यांना बोलावलं, पण आपल्या देशातल्या कुठल्याही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलं नाही, 1985 ला गेले ते तसेच. पुढच्या वर्षी त्यांच्यावर सविस्तर लिहिलं कुणी, तर त्याच सायटेशनवाल्या गारफिल्ड यांनी. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ कॅटलिन कारिको यांचंही तसंच, 1995 मध्ये विद्यापीठाने त्यांना खालच्या जागेवर बसवलं, 2005 चा त्यांचा आणि ड्र्यू वाइसमन यांचा एमआरएनएवरचा (पेशीला प्रोटीन बनवायचा निरोप देणारा रेणू) पेपर आला तेव्हा फार कुणी विचारलं नाही, त्यावरच कोविडच्या एमआरएनए लसी झाल्या आणि 2023 ला दोघांना नोबेल मिळालं.

तर आता काय करायचं. रविवारी भाचीला शेजारी बसवा, तिच्या बाबांनाही बसवा, आणि दोघांचीही नावं पबमेडवर घाला. सायन्सची भाषा कळली नाही तरी चालेल, नावांचा क्रम बघा. आपल्या विषयात पहिलं नाव काम केलेल्याचं, बहुतेक वेळा पीएचडीच्या पोराचं, आणि शेवटचं नाव गाईडचं. मॅडमच्या 38 पेपरांत पहिल्या जागी वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची नावं आणि शेवटी मॅडम असं दिसत असेल तर त्या पोरांना पुढं करतात. सरांच्या 214 मध्ये पंधरा-वीस नावांच्या मधे कुठंतरी सरांचं नाव असेल तर हेड म्हणून नाव लागत आलेलं असू शकतं, निदान तसं नाही ना ते बघून घ्या. मग गुगल स्कॉलरवर एखाद्या पेपराखाली सायटेशनचा आकडा असतो त्यावर बोट ठेवलं की कुणी कुणी वापरलं ती यादी उघडते. मागं एका ओळखीच्या पोरीबरोबर असाच बसलो होतो, आकडा बघून ती खूश झाली होती, यादी उघडली तर निम्म्याहून जास्त पेपर त्याच माणसाचे आणि त्याच्याच विद्यार्थ्यांचे. ती गप्प झाली, मग हळूच म्हणाली, काका, हे तर घरातल्या घरात. स्वतःचा जुना पेपर सांगणं चूक नाही, पुढचं काम असेल तर सांगावंच लागतं, पण बाहेरचं कुणीच नसेल तर विचार करायला पाहिजे. रिट्रॅक्शन वॉचच्या यादीतही दोघांची नावं बघून घ्या, मागं घेतलेल्या पेपरांची यादी आहे ती. एखादा पेपर प्रामाणिक चुकीमुळं स्वतःहून मागं घेतला असेल तर त्यात कमीपणा नाही, कारण वाचा.

आणि शेवटचं, हे कुठल्याच साईटवर मिळत नाही. दोघांच्याही आत्ताच्या एकेका विद्यार्थ्याला लॅबच्या बाहेर, चहाच्या गाड्यावर भेटायला सांगा तिला. किती वर्षं झाली, पहिला पेपर कधी आला, गाईड लिहिलेलं वाचतात का. मला तरी 17 वाल्या मॅडम बऱ्या वाटतात.

प्रश्न : सर, मी एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. माझं माहेर बेळगाव, सासर निपाणी. लग्नाआधीचे 9 पेपर माहेरच्या आडनावाने, नंतरचे 14 सासरच्या, त्यात काही ठिकाणी नुसती इनिशियल्स. स्कोपसवर माझी तीन खाती दिसतात आणि तिन्हीवर थोडं थोडं. मुलाखतीला कुठला एच-इंडेक्स सांगू?
— एक प्राध्यापिका, निपाणी

उत्तर : ताई, हा आपल्या भागाचा खास त्रास आहे, लायब्ररीत माझ्यासमोर किती जणी हे घेऊन बसल्यात. आपण मराठी माणसं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असं लिहितो, इथल्या कानडी पद्धतीत इनिशियल्स पुढं येतात, शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, आणि जर्नलवाला त्यातलं जे सापडेल ते आडनाव समजून छापतो. त्यात एस. पाटील आणि एस. कुलकर्णी नावाची माणसं शेकड्यांनी. वर आपल्या गावाचं इंग्रजी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बदललं. आपण घरात बेळगावच म्हणतो, पण इंग्रजीत आधीच्या पेपरांवर बेलगाम आणि नंतरच्यांवर बेळगावी, तर मशीनला ती दोन वेगळी गावं वाटू शकतात आणि तुम्ही दोन वेगळ्या बायका.

ऑर्किड (ORCID), म्हणजे संशोधकाचा ओळख नंबर, काढा, आजच काढा. 2012 पासून आहे, फुकट आहे, सोळा आकडी नंबर मिळतो आणि तो जन्मभर तोच राहतो, आडनाव बदलो की गाव. त्यात दोन्ही नावं घाला आणि सगळे 23 पेपर एकेक करून जोडा, एक संध्याकाळ जाईल. मग स्कोपसला तिन्ही खाती एक करायची विनंती पाठवा, त्यासाठी फॉर्म आहे आणि ते करून देतात. गुगल स्कॉलरवर मात्र स्वतःच बघावं लागतं, तिथं दुसऱ्या कुणाचे पेपर आपल्या खात्यात येऊन पडतात, ते काढून टाका, आपले नाहीत ते ठेवून घेऊ नका. तीन तुकड्यांत तुमचा एच-इंडेक्स प्रत्येकी कमीच दिसणार, एकत्र झाल्यावर वाढेल. मुलाखतीत आकडा सांगताना कुठला आणि कुठल्या तारखेचा तेही सांगा.

इथनं पुढं एकच नाव. माझं मत विचाराल तर ज्या नावाने पहिला पेपर आला ते कायम ठेवावं, घरच्यांना थोडं समजावून सांगावं लागलं तरी. पण 14 सासरच्या नावावर आहेत तर आता तेच चालू द्या.

प्रश्न : ई-मेल आलाय, चार दिवसांत पेपर छापून देतो, 3,500 रुपये, इम्पॅक्ट फॅक्टर 7.8. प्रमोशनला पेपर कमी पडतोय. देऊ का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : नको, देऊ नका. पैसे घेतात म्हणून नाही, चांगली, वाचकांना फुकट असलेली ओपन अ‍ॅक्सेस जर्नलंसुद्धा पैसे घेतात आणि कितीतरी जास्त घेतात. चार दिवस म्हणतात म्हणून. पेपर दोन जाणकारांनी वाचायचा, शंका काढायच्या, तुम्ही उत्तरं द्यायची, हे चार दिवसांत होत नाही. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये असतो, आधीच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या लेखांना या वर्षी सरासरी किती सायटेशन मिळाली तो आकडा. तो जर्नलचा असतो, तुमच्या पेपराचा नाही, हेही लक्षात ठेवा. कुठनं कुठनं "ग्लोबल" वगैरे नाव लावून विकत घेतलेले आकडे फिरतात, त्यांना काही अर्थ नाही. जर्नल पबमेडवर किंवा डीओएजे या फुकट वाचायच्या जर्नलांच्या यादीत आहे का ते स्वतः शोधा, ई-मेलमधल्या लिंकवरनं जाऊ नका. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळं आता ही तपासणी ज्याची त्यानेच करायचीय. अशा ठिकाणी एकदा छापलेला पेपर नंतर परत काढून घेता येत नाही, तुमची मेहनत तिथंच गाडली जाते. मी हे होताना बघितलंय, चांगला डेटा होता, तीन वर्षं गावोगाव फिरून गोळा केलेला.

प्रश्न : वर्तमानपत्रात वाचतो की आपल्याकडचे अमुक डॉक्टर जगातल्या 2 टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत. आनंद आहे. पण या पेपरांचा, सायटेशनचा आपल्या खेड्यातल्या माणसाला कधी उपयोग झालाय का? मनापासून विचारतोय.
— निवृत्त शिक्षक, खानापूर

उत्तर : गुरुजी, ती यादी स्टॅनफर्डच्या जॉन आयोअ‍ॅनिडिस यांच्या गटाची, स्कोपसच्या डेटावरनं काढतात. तिच्या दोन याद्या असतात, एक जन्मभराच्या कामाची आणि एक फक्त एका वर्षाची, बातमीत कुठली ते बघत जा. एवढंच तिच्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

2002 ते 2005 या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक अभ्यास झाला, इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर केलेला. बाळंतपणानंतर बाईला जो रक्तस्राव होतो त्यात किती जणी जायच्या हे तुम्हाला मी सांगायला नको. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1,620 बायका, आणि त्यांची बाळंतपणं करणाऱ्या 25 एएनएम, म्हणजे खेड्यातल्या नर्सबाई. डॉक्टर जवळ नाही, फ्रिज नाही, इंजेक्शन ठेवायची सोय नाही. निम्म्या बायकांना रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. आणि रक्त किती गेलं ते नुसतं नजरेने सांगायचं नाही, बाईच्या खाली प्लास्टिकचं कापड पसरायचं, त्याला पुढं पिशवी, पिशवीवर मापाच्या रेघा. ही पिशवी या कामासाठीच तयार केली होती. नजरेचा अंदाज आणि पिशवीचं माप ताडून बघितलं तर नजर जवळजवळ एक तृतीयांश रक्त कमीच सांगते असं निघालं. म्हणजे "फार नाही गेलं" असं आपल्या आया-बायांना जे सांगितलं जायचं ते चुकत होतं!

औषधाची गोळी न मिळालेल्या शंभरातल्या 12 जणींना जास्त रक्तस्राव झाला, औषधाची गोळी मिळालेल्यांत शंभरात 6.4. दर 18 बायकांमागं एकीचा रक्तस्राव टळला. 2006 मध्ये लॅन्सेटला छापून आलं. पुढं जगभरच्या अभ्यासांनी या पेपराचा आधार घेतला, आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणातला रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉल आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. तशा मापाच्या पिशव्या नंतर आफ्रिकेत चार देशांत दोन लाखांवर बाळंतपणांच्या एका अभ्यासात वापरल्या, तो 2023 ला आला.

त्या पेपराची सायटेशन मी लायब्ररीत असताना अधनंमधनं उघडून बघायचो, प्रत्येक वेळी यादीत नवीन देश दिसायचा. पण त्या 25 जणींची नावं मला आजवर कुठं वाचायला मिळाली नाहीत. तुमच्या ओळखीत एखादी रिटायर झालेली एएनएम असेल, त्या वर्षांत जिल्ह्यातल्या खेड्यात काम केलेली, तर तिला त्या मापाच्या पिशवीबद्दल विचारा आणि काय सांगते ते लिहून पाठवा, पुढच्या अंकात तिचं सांगणं आधी छापू, बाकीचे प्रश्न नंतर.